अर्धी रिकामी रॅम

पाइपवाल्या काकांनी जन्मात कधी पाइपला हात लावलेला नाही. घरातला नळ गळायला लागला की ते प्लंबरला फोन करतात आणि त्याचं काम संपेपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात, कारण हातोडीचे ठोके त्यांना सहन होत नाहीत. तरी बिल्डिंगमधली लहानथोर मंडळी त्यांना पाइपवाले काका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला, तिचा पाइपांशी तेवढाही संबंध नसताना, पाइपवाल्या काकू. काका इमारतींमधल्या पाइपांची ड्रॉइंग काढतात. पाणी कुठून वर चढेल, कुठून खाली उतरेल, कुठल्या भिंतीच्या पोटातून जाईल आणि कुठे मुकाट्याने वळेल, हे भिंत उभी राहायच्या आधी कुणीतरी ठरवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे काका. उमेदीची वर्षं त्यांनी लाकडी बोर्डावर शाईने रेघा मारल्या, मग कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मारल्या, आणि कंपनीने जागा लहान केली तेव्हापासून ते घरी बेडरूमच्या खिडकीशी टेबल लावून मारतात.

माणूस सरळ. इतका सरळ की समोरच्याला कधीकधी कंटाळा यावा. चहाचा कप कामाच्या टेबलावर ठेवणार नाहीत, वाढदिवसाला दोन घास जास्त खाणार नाहीत. घरातली गोष्ट ऑफिसात न्यायची नाही आणि ऑफिसातली घरात आणायची नाही, हा त्यांचा जुना नियम. आता दोन्ही एकाच खोलीत आलं तरी नियम तोच.

अशा माणसाची ड्रॉइंग उशिरा जायला लागली, याचं कंपनीतल्या साहेबांना आधी नवल वाटलं, मग काळजी, मग त्रास. साहेब म्हणजे तिथले इंजिनिअर, वयाने काकांपेक्षा बरेच लहान आणि बोलायला मऊ. पहिल्यांदा त्यांनी कानाडोळा केला. दुसऱ्यांदा फोन करून म्हणाले, "काका, मशीन जुनं झालंय का तुमचं?"

काकांनी तो धागा घट्ट धरला. "हो ना साहेब, फार अडकतंय. एक रेघ मारली की थांबतं."

खोटं ते बोलत नव्हते. मशीन खरंच थांबत होतं. रेघ मारली की पडदा गोठायचा, बाणाच्या जागी गोल गोल फिरणारं चक्र यायचं, आणि काका हाताची घडी घालून बसायचे. मग ते चक्र जायचं, काका दुसरी रेघ मारायचे, परत चक्र. दिवसभर असं चाललं की संध्याकाळी एका बाथरूमचे पाइप पुरे व्हायचे.

"मग नीट करून घ्या," साहेब म्हणाले. घरी बसून काम करणाऱ्याने आपलं मशीन आपण सांभाळायचं, असा कंपनीचा कायदा होता. "कारण आता हॉस्पिटलचं काम आलंय. तळमजला मला सोमवारी सकाळी हवा. तो उशिरा आला तर काका, वाईट वाटून घेऊ नका, पण मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

वाईट वाटून घेऊ नका असं म्हटलं की माणसाला वाईट वाटतंच. काकांच्या वयाच्या माणसाच्या हातून एकदा काम गेलं की ते परत येत नाही, हे त्यांनी बरोबरच्या दोघातिघांचं पाहिलं होतं. एक आता भाचीच्या दुकानात बसतो आणि गिऱ्हाईकांना ड्रॉइंगच्या गोष्टी सांगून पिटाळतो. काकांना रेघा मारण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं. सोमवार त्यांच्या मानगुटीवर बसला.

अशा वेळी घरात ऑफरमामा आले नसते तरच नवल. ऑफरमामा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. कुठे काय स्वस्त मिळतंय याची बित्तंबातमी त्यांना असते आणि स्वस्त मिळालेली वस्तू आपल्याला लागते का, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. त्यांच्या घरी पळायचं यंत्र आहे, त्यावर टॉवेल वाळतात. एक तंबू आहे. मामांना उघड्यावर झोपायचं म्हटलं की सर्दी होते.

"भावोजी, तुमचा प्रश्न सुटला," दारातूनच ते म्हणाले. "रॅम घाला रॅम! दुप्पट रॅम, जवळजवळ निम्म्या किमतीत. कोपऱ्यावरच्या दुकानात पाटी लागलीय, शनिवार संध्याकाळपर्यंत. नंतर बोंबलत बसाल."

"रॅमनेच होईल का पण?" काकांनी विचारलं.

"अहो, रॅमने काय होत नाही? माझ्या मित्राने घातली, त्याचं मशीन कसलं पळतंय!"

मित्र त्या मशीनवर काय करतो, हे काकूंनी विचारलं. पत्ते खेळतो, असं मामांनी सांगितलं. काकूंनी भावाकडे एकदा पाहिलं आणि चहा ठेवायला गेल्या.

शुक्रवारी काका दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, भिंतभर उघडी पडलेली मशीनं आणि मधोमध चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई. ती मशीन दुरुस्त करते, विकते आणि गिऱ्हाईकांवर खेकसते. तिन्ही कामं ती सारख्याच आवडीने करते. काकांनी रॅम मागितली. तिने काउंटरवर पाकीट ठेवलं. आत बोटभर लांबीची हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चौकटी. एवढीशी वस्तू आपली नोकरी वाचवणार, हे काकांना खरं वाटेना.

"कशाला हवीय?" बाईने विचारलं.

"मशीन अडकतं."

"ते सगळ्यांचंच अडकतं. भरतेय का आहे ती रॅम?"

काकांना ते माहीत नव्हतं. बाईने खेकसण्याआधीचा श्वास घेतला, पण बहुतेक काकांच्या चेहऱ्याकडे पाहून तो सोडून दिला. "बघा काका, रॅम म्हणजे तुमचं टेबल. कागद टेबलावर मावत नसतील तर मोठं टेबल घ्या, फरक पडेल. मावत असतील तर टेबल कितीही मोठं करा, हात काय लवकर चालणारेय? तुमच्या मशीनमध्येच एक छोटी खिडकी उघडते, त्यात किती भरलीय ते दिसतं. नेहमीसारखं काम करा आणि अडकेल तेव्हा तिच्यात बघा. काठोकाठ भरलेली दिसली तर उद्या या, पाकीट ठेवते बाजूला. नाहीतर नका येऊ." आणि ती खिडकी कशी उघडायची तेही तिने दाखवलं.

शनिवारी सकाळी काकांनी खिडकी उघडून पडद्याच्या कोपऱ्यात लावली. पण लगेच अडचण आली. खिडकीकडे बघत बसलं तर काम नेहमीसारखं होईना, आणि कामात डोकं घातलं तर खिडकीकडे बघायचं राहून जाई. शेवटी त्यांनी काकूंना हाक मारली. काकू मटारची परात घेऊन शेजारी खुर्चीवर बसल्या. ठरलं असं की काकांनी पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे अजिबात बघायचं नाही. मशीन अडकलं की त्यांनी "अडकलं" म्हणायचं, आणि काकूंनी खिडकीत बघून आकडा सांगायचा.

"अडकलं," काका म्हणाले.

"अर्धी," काकू म्हणाल्या.

रेघ. चक्र. "अडकलं."

"अर्धीच."

"नीट बघ."

"चष्मा लावलाय मी. अर्धी भरलीय, अर्धी रिकामी आहे."

असं बराच वेळ चाललं. हॉस्पिटलच्या तळमजल्याचं ड्रॉइंग म्हणजे लहानसहान प्रकरण नव्हतं. त्यात थंड पाणी निळं, गरम पाणी लाल, सांडपाणी तपकिरी, आणि या सगळ्यांनी एकमेकांना न शिवता एकाच भिंतीतून जायचं. तरी आकडा अर्ध्याच्या वर चढेना. काकू मटार सोलत होत्या आणि "अर्धी, अर्धी" म्हणत होत्या, आणि दर वेळी काकांचा चेहरा जरा जास्त उतरत होता. रॅम भरली असती तर किती बरं झालं असतं. दोष मशीनचा ठरला असता, उपाय दुकानात मिळाला असता, सवलतीत.

आकडा बदलत नाही म्हटल्यावर काकूंना त्याचा कंटाळा आला आणि त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं संसार केला, पण काकांना काम करताना काकूंनी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. उजवा हात माउसवर, सुरेख चालणारा, रेघ कुठे थांबवायची हे डोळ्यांच्या आधी जाणणारा. आणि डावा हात कीबोर्डच्या कडेला. उजव्या हाताची रेघ संपली की डाव्या हाताची दोन बोटं पटकन दाबायची. टक. मग चक्र. मग "अडकलं."

काकूंनी मटार सोलायचे थांबवले. रेघ, टक, चक्र. पुन्हा रेघ, टक, चक्र. एकदाही चुकलं नाही.

"अहो, हे डाव्या हाताने काय करताय?"

"कुठे काय?"

"प्रत्येक रेघेनंतर काहीतरी दाबताय."

काकांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं. "सेव्ह करतो. सगळेच करतात. मध्येच वीज गेली तर?"

"सगळे रेघेरेघेला करतात?"

ड्रॉइंग कंपनीच्या सर्व्हरवर असतं, सेव्ह केलं की अख्खं हॉस्पिटल इथून तिथे जातं, आणि ते जाईपर्यंत मशीन हलत नाही. हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. फक्त आपण ते किती वेळा करतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"बरं, तो हात मांडीवर ठेवा," काकू म्हणाल्या आणि नवऱ्याच्या मनगटावर त्यांनी आपला हात ठेवला. "आता काढा रेघा."

काकांनी रेघ काढली. चक्र आलं नाही. दुसरी काढली, तिसरी काढली. निळा पाइप भिंतीतून सरसर गेला, वळला, वॉर्डाच्या बेसिनपाशी जाऊन उभा राहिला. मशीन कुठेही अडलं नाही. काकूंना हसू आलं, पण तेवढ्यात त्यांच्या हाताखालचं मनगट घामाने ओलं झालं. काकांच्या कपाळावरही घाम होता. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे, मग पुन्हा दाराकडे, आणि झटक्यात हात सोडवून घेतला. टक.

"नको," ते म्हणाले. "असं नको. उठायची वेळ आली तर?"

"कुठे उठायचंय तुम्हाला?"

उठून काकांनी शर्ट बदलला आणि पिशवी घेतली. "मी रॅम घेऊन येतो."

"अहो, अर्धी रिकामी आहे ती! आत्ताच बघितलं ना आपण?"

"माहितेय. पण साहेबांना पावती पाठवता येईल. मशीनवर खर्च केला म्हटल्यावर ते आणखी थोडे दिवस थांबतील."

काकूंना या माणसाचा राग यावा की कीव, कळेना. काकांनी आयुष्यात कुणाला खोटी पावती दाखवली नव्हती. ज्याला साधी थाप मारता येत नाही, तो सवलतीत थाप विकत घ्यायला निघाला होता. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"जायच्या आधी सांगा. कुठे उठायचंय?"

काका पिशवीच्या बंदांशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "दादाचा फोन आला होता तेव्हा."

एवढं म्हटल्यावर काकूंना पुढचं सगळं कळलं. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांचा फोन आला, तो काकूंनी घेतला. या खोलीच्या दारात येऊन त्या म्हणाल्या होत्या, "दादांचा फोन आहे." काका तेव्हा सकाळपासूनचं काम सेव्ह न करता बसले होते, आणि तसेच उठले असते तर मशीनने सगळं गिळलं असतं अशी त्यांना भीती होती. ते मान न वळवता म्हणाले होते, "सांग, एवढं संपवून करतो." काम संपायला संध्याकाळ झाली. त्यांनी फोन केला तो शेजाऱ्यांनी उचलला. दादांचं हृदय थांबलं होतं.

"तेव्हा मला उठता आलं नाही," काका म्हणाले. "म्हणून आता हातात काही शिल्लक ठेवत नाही. कधीही हाक आली तरी उठता यावं." पुढे म्हणाले, "त्याला काहीतरी सांगायचं असेल. त्याला कळलं असेल, आपलं काही खरं नाही म्हणून. आणि मी पाइप काढत बसलो."

दोन वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता. घरात दादांचं नाव निघालं की उठून आत जायचा, म्हणून काकूंनीही ते नाव काढायचं सोडलं होतं. त्यांना वाटलं होतं, भावाचं दुःख आहे, काळाने कमी होईल. यात एका फोनची गोष्ट असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"अहो," काकू म्हणाल्या, "दादांना काहीही सांगायचं नव्हतं."

"तुला काय माहीत?"

"मीच बोलले ना त्यांच्याशी! चांगलं बोललो आम्ही. वहिनींनी पडदे धुवायला काढलेत, घरात बसायला जागा नाही, म्हणून फोन केला म्हणाले. मी म्हटलं, एवढं संपवून करतो म्हणतायत, पण थांबा, उठवते ह्यांना. तर म्हणाले, 'नको गं, उठवू नकोस. लहानपणीसुद्धा तो चित्र काढत बसला की मी घरातल्यांना त्याच्याजवळ जाऊ द्यायचो नाही. काढू दे त्याला.' आणि हसले."

काकांनी पिशवी खाली ठेवली.

"हसला?"

"हसले. तुमचं ड्रॉइंग कशाचं चाललंय तेही विचारलं. मी म्हटलं, मला काय कळतंय, पाइपांचं आहे."

"मला हे कधी सांगितलं नाहीस तू."

"त्या दिवशी सांगायच्या आधीच पळापळ झाली. आणि नंतर तुम्ही विचारलंत कधी? नाव काढू दिलंत?" काकूंचा आवाज चढला आणि तसाच फुटला. नवऱ्याला इतकी साधी गोष्ट दोन वर्षं मिळाली नाही आणि ती आपल्याचकडे होती, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

काका खाटेच्या कडेवर बसले आणि रडले. आवाज न करता, त्यांच्या स्वभावाप्रमाणे. काकू शेजारी बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "परत सांग. तो म्हणाला तसंच सांग." काकूंनी परत सांगितलं, पडद्यांपासून हसण्यापर्यंत. त्यांनी आणखी एकदा सांगायला लावलं. काकूंनी आणखी एकदा सांगितलं.

संध्याकाळी ऑफरमामांचा फोन आला. रॅम घेतली नाही ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला असावा, तसा आवाज तरी झाला. त्यांनी स्वतः दोन घेतल्या होत्या. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर गेल्या वर्षीपासून बंद आहे.

रविवारी काका कामाला बसले. डावा हात लगेच सुधारला असं नाही. दोन वर्षांची सवय, एका दिवसात जाणारी नव्हती. अधूनमधून बोटं दाबली जायची, चक्र यायचं, काका चिडून हात मागे घ्यायचे. पण मधल्या मधल्या वेळात ते विसरून जायचे, आणि मग अख्खी खोलीभर रेघ एका दमात निघायची. काकूंनी दोन्ही फोन स्वयंपाकघरात आपल्यापाशी ठेवले होते. तळमजला सोमवारी सकाळी साहेबांच्या ऑफिस उघडायच्या वेळेला पोचला.

साहेबांचा फोन लगेच आला. आवाजात सुटल्याचा आनंद होता. काका सोडून दुसरं कुणी बघायचं म्हणजे त्यांच्याही डोक्याला तापच होता.

"काका, कमाल केलीत! एक चूक नाही. मी म्हटलं नव्हतं, मशीनचंच काहीतरी असणार म्हणून? रॅम टाकलीत ना?"

इथे "हो" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पावतीसुद्धा कुणी मागणार नव्हतं.

"नाही साहेब," काका म्हणाले. "मशीन ठीक होतं. रॅम अर्धी रिकामीच होती. उशीर माझ्याकडूनच होत होता. भाऊ गेल्यापासून माझं जरा बिनसलं होतं."

साहेब आणि काका किती वर्षं बरोबर काम करत होते, किती इमारतींचं पाणी दोघांनी मिळून चढवलं आणि उतरवलं होतं.

"तुम्हाला भाऊ होते?" साहेबांनी विचारलं.

"होता," काका म्हणाले. "थोरला. मी चित्र काढत असलो की मला उठवायचा नाही."